विंडोज ११ कोणी घेतलीच नाही, लॅपटॉपची निम्मी किंमत विंडोजचीच: असे दावे खोडायचे कसे?

तुमच्या सहकाऱ्याचे दावे थोडक्यात असे आहेत: विंडोज ११ कोणी घेतलीच नाही आणि तिच्यामुळे संगणकांचा खप २८ टक्क्यांनी आपटला, लॅपटॉपच्या किमतीतला निम्मा वाटा विंडोजचा असतो, आणि मॅक महाग पडतो कारण ॲपल ऑपरेटिंग सिस्टिमचे पैसे यंत्राच्या किमतीत दडवते. एकाही दाव्याला त्यांनी आधार दिलेला नाही. तुम्ही विचारलंय की कोणती ऑपरेटिंग सिस्टिम किती वापरली जाते हे दाखवणारा स्टॅटकाउंटर या संस्थेचा आलेख त्यांच्यापुढे ठेवला तर वाद मिटेल का.

मिटणार नाही. तुम्ही उलटा आकडा शोधताय आणि तिथेच अडकताय. दावा त्यांचा, तर आधार देण्याची जबाबदारीही त्यांची. तुम्ही घाईनं दुसरा आकडा पुढे केलात की चर्चा तुमच्या आकड्यातल्या उणिवांकडे वळते आणि मूळ दावा अलगद सुटून जातो. शिवाय अशा वादात ‘तुमचं चूक, याच्या बरोब्बर उलट खरं’ असा निकाल क्वचितच लागतो. ‘उपलब्ध माहितीवरून हे सांगता येत नाही’ एवढंच बहुतेक वेळा हाती येतं, आणि एखादा ठाम दावा पाडायला ते पुरतं.

किती खोलात जायचं हे मात्र कशासाठी भांडताय त्यावर आहे. चहाच्या वेळची चर्चा असेल तर ‘हे कोणी मोजलं आणि नेमकं काय मोजलं?’ हा एक प्रश्न बास. त्या दाव्यावर कार्यालयाची खरेदी ठरणार असेल तर पुढचं सगळं वाचा.

आधी विक्री. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खपाचे म्हणून जे आकडे फिरतात ते वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून मोजलेले असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ लायसन्सच्या आकड्यात होतो. मायक्रोसॉफ्ट जेव्हा ‘इतकी लायसन्स विकली’ म्हणते, तेव्हा त्यातली बहुतेक संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विकलेली असतात. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीचं उदाहरण घ्या. मार्च २००७ मध्ये कंपनीनं सांगितलं की पहिल्या महिन्यात २ कोटींहून जास्त लायसन्स विकली गेली, आणि तुलनेला ठेवले २००१ च्या एक्सपी या आधीच्या आवृत्तीचे पहिल्या दोन महिन्यांतले १ कोटी ७० लाख. त्या २ कोटींत उत्पादकांना दिलेली लायसन्स होती, दुकानांकडे रवाना झालेले खोके होते आणि आधी संगणक घेतलेल्यांनी अपग्रेड योजनेतून मागवलेल्या प्रतीही होत्या. आकडा खोटा नव्हता. पण त्यातली किती यंत्रं कोणाच्या टेबलावर सुरू झाली हे त्यातून कळत नाही. शिवाय २००१ ते २००७ या काळात संगणकांची बाजारपेठच जवळपास दुप्पट झाली होती, त्यामुळे एक्सपीशी तुलना मुळातच व्हिस्टाच्या सोयीची होती.

विंडोज ८ चंही तसंच. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती आली. महिन्याभरात ४ कोटी, जानेवारी २०१३ पर्यंत ६ कोटी आणि मेपर्यंत १० कोटी लायसन्स, असं जाहीर झालं. पण ३१ जानेवारी २०१३ पर्यंत प्रो आवृत्तीचं अपग्रेड ३९.९९ डॉलरला डाउनलोड करता येत होतं. सुरुवातीच्या आकड्यात त्या सवलतीचा वाटा किती आणि नव्या संगणकांचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘लोकांनी उचलून धरली’ किंवा ‘लोकांनी नाकारली’ यातलं काहीही ठामपणे म्हणता येत नाही.

लायसन्स आणि वापर यांच्यात आणखी दोन फटी आहेत, ज्या वाद घालणाऱ्यांना सहसा माहीत नसतात. पहिली डाउनग्रेडची. व्हिस्टा बिझनेसच्या लायसन्सवर एक्सपी प्रोफेशनल आणि विंडोज ८ प्रोच्या लायसन्सवर विंडोज ७ प्रोफेशनल चालवायची अधिकृत मुभा होती. कार्यालयांनी ती भरपूर वापरली. असा संगणक विक्रीच्या हिशोबात नव्या आवृत्तीत जमा होतो आणि प्रत्यक्षात जुनी आवृत्ती चालवतो. दुसरी फट मोठ्या संस्थांच्या करारांची. घाऊक करारातली विंडोज एंटरप्राइझ ही अपग्रेड असते. खाली आधीच एक पात्र लायसन्स, बहुधा यंत्रासोबत आलेली प्रो, असावी लागते. म्हणजे एका यंत्रामागे दोन लायसन्स. दोन्हींची बेरीज करून कोणी ‘संगणक’ मोजत असेल तर तो दुप्पट मोजतोय.

यानंतर येतात आयडीसी, गार्टनर, कॅनालिस या बाजारपेठ मोजणाऱ्या संस्थांचे आकडे. हे ‘शिपमेंट’चे असतात, म्हणजे उत्पादकांनी विक्रीच्या साखळीत ढकललेल्या मालाचे. गोदामात पडून राहिलेला मालही त्यात येतो, आणि म्हणूनच साठा तुंबला की पुढच्या तिमाहीत शिपमेंट ग्राहकांच्या खरेदीपेक्षा जोरात घसरते. शिवाय हे अंदाज असतात आणि ‘संगणक’ कशाला म्हणायचं ते प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. २०११ च्या शेवटच्या तिमाहीसाठी कॅनालिसनं ॲपलला जगातली सर्वांत मोठी संगणक कंपनी ठरवलं होतं, कारण त्यांच्या व्याख्येत टॅबलेट धरलेले होते: सुमारे दीड कोटी आयपॅड अधिक सुमारे ५० लाख मॅक. आयडीसी आणि गार्टनर आयपॅड धरत नव्हते, त्यांच्या यादीत पहिली एचपी. एकच तिमाही, एकच बाजार, पण विजेते दोन. आजही २०२३ सालासाठी आयडीसी सुमारे २६ कोटी संगणक सांगते आणि गार्टनर सुमारे २४ कोटी. दोन संस्थांचे आकडे मिसळून वाढ किंवा घट काढली की दीड-दोन कोटी संगणक हवेतून उगवतात नाहीतर हवेत विरतात.

याच २४-२६ कोटींचा एक रोकडा उपयोग आहे. कोणी म्हटलं की अमुक आवृत्तीच्या वर्षभरात ६० कोटी प्रती ‘विकल्या’, तर सगळ्या कंपन्यांचे मिळून नवे संगणकच त्याच्या निम्म्याहून कमी असतात. मग उरलेल्या प्रती मोफत अपग्रेड असाव्यात, नाहीतर आकडाच बनावट असावा.

मोफत अपग्रेडवरून विंडोज १० आठवते. जुलै २०१५ मध्ये ती आली तेव्हा विंडोज ७ आणि ८.१ असलेल्यांना वर्षभर फुकट मिळाली, आणि मायक्रोसॉफ्टनं विकलेल्या लायसन्सऐवजी महिन्यातून एकदा तरी सुरू झालेली उपकरणं मोजायला घेतली. दोन ते तीन वर्षांत १०० कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते वेळेत गाठता येणार नाही हे कंपनीनंच २०१६ मध्ये मान्य केलं आणि मार्च २०२० मध्ये ते गाठलं. त्या १०० कोटींत एक्सबॉक्स हे खेळाचे कन्सोलही मोजलेले आहेत. त्याला ‘१०० कोटी संगणकांची विक्री’ म्हणणं म्हणजे एका वाक्यात दोन चुका.

आता तुमचा आलेख. स्टॅटकाउंटर विक्रीही मोजत नाही आणि माणसंही नाही; आपला कोड बसवलेल्या संकेतस्थळांवर उघडलेली पानं मोजतो. दिवसाला दोनशे पानं उघडणारा एक माणूस तिथे दोन पानं उघडणाऱ्या शंभर जणांइतका दिसतो. त्याहून मोठी अडचण ब्राउझरच्या ओळखपत्राची, म्हणजे युजर एजंटची. विंडोज ११ वरचा ब्राउझर त्यात स्वतःला ‘विंडोज एनटी १०.०’ म्हणवतो आणि विंडोज १० वरचाही तेच. फरक कळायला ‘क्लायंट हिंट्स’ नावाची वेगळी माहिती लागते. ती क्रोम आणि एज देतात, फायरफॉक्स आणि सफारी देत नाहीत. त्यामुळे कोणी स्वतःच्या संकेतस्थळाच्या साध्या लॉगवरून ‘आमच्याकडे विंडोज ११ वाला एकही नाही’ असं म्हणत असेल तर त्याला तो दिसणारच नव्हता. मॅकची तऱ्हा तर विनोदी आहे. ब्राउझरांनी मॅकओएसचा क्रमांक १०.१५ वरच थिजवून ठेवल्यामुळे कित्येक आलेखांत २०१९ ची कॅटलिना वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर बसलेली दिसते, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारा मॅकही स्वतःला ‘इंटेल’ म्हणवतो.

स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचं सर्वेक्षणही असंच जपून वापरायचं. ते खेळणाऱ्यांपुरतं आहे. ऑगस्ट २०१७ पासून काही महिने सायबर कॅफेतले ग्राहक त्यात जास्त वेळा मोजले गेले. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ती चूक २०१८ मध्ये दुरुस्त केली. मधल्या काळातल्या उड्या-घसरणींवर लिहिलेले लेख मात्र अजून तसेच फिरताहेत. आलेख दाखवायचाच असेल तर त्याखाली काय मोजलंय, कुठल्या प्रदेशाचं आणि कोणत्या महिन्याचं हे लिहा, आणि त्याला वापराचा आलेख म्हणा. विक्रीचा म्हणू नका.

आता ते २८ टक्के. २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरची शिपमेंट आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी घटली, हे खरं आहे. प्रश्न कारणाचा आहे. तुलना महामारीतल्या वाढीव खरेदीशी होत होती, लोकांनी दोन-तीन वर्षांची खरेदी आधीच उरकली होती आणि साखळीत माल तुंबला होता. पण मत विरुद्ध मत असं भांडण्यापेक्षा अशा वेळी मी एक तपासणी करतो: ज्याच्यावर हे कारण लागूच होत नाही, त्याचं काय झालं ते बघायचं. विंडोज ११ नकोशी झाल्यामुळे खप पडला असेल तर मॅक तरायला हवे होते, किंबहुना वाढायला हवे होते. ॲपलचा मॅकपासूनचा महसूल २०२२ च्या आर्थिक वर्षात ४० अब्ज डॉलरच्या थोडा वर होता, तो २०२३ मध्ये २९ अब्जांच्या घरात आला. घट २७ टक्के. मायक्रोसॉफ्टचा संगणक उत्पादकांकडून मिळणारा विंडोजचा महसूल २०२३ च्या आर्थिक वर्षात २५ टक्क्यांनी घटला. दोघांची आर्थिक वर्षं वेगळ्या महिन्यांत संपतात, म्हणून २५ आणि २७ ची काटेकोर तुलना करू नका. पण बुडताना दोघं जवळपास सारखेच बुडाले आहेत, तेव्हा दोष एकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकायचा असेल तर आणखी पुरावा लागेल.

टक्केवारीचा एक वेगळा सापळा इथेच सांगतो, कारण तुम्हाला तो नक्की भेटेल. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं लिहिलं की नेटबुकमध्ये, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपमध्ये, विंडोजचा वाटा फेब्रुवारीपर्यंत ९६ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जूनसाठी बातमी आली की हजार डॉलरच्या वरच्या संगणकांवर खर्च झालेल्या पैशातले ९१ टक्के ॲपलला मिळाले. दोन्ही आकडे एनपीडी या विक्री मोजणाऱ्या संस्थेचे, दोन्ही फक्त अमेरिकेतल्या किरकोळ विक्रीचे. पहिल्यात युरोप-आशिया नाही. दुसऱ्यात पैसा मोजलाय, यंत्रं नाहीत, आणि तोही एका किंमतपट्ट्यातला. ‘लिनक्सवाले नेटबुक जगात कोणी घेत नाही’ आणि ‘दहातले नऊ जण मॅक घेतात’ ही वाक्यं यांतूनच जन्मली. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.)

किमतीकडे येऊ. ‘निम्मी किंमत विंडोजची’ हे पाडायला गुप्त करार माहीत असण्याची गरज नाही, वरची मर्यादा पुरते. विंडोज ११ होमची अमेरिकेतली किरकोळ किंमत १३९ डॉलर आहे. हजारोंनी लायसन्स घेणारा उत्पादक सुट्या ग्राहकापेक्षा जास्त मोजणार नाही. तो पूर्ण १३९ देतो असं त्यांच्या बाजूनं गृहीत धरलं, तरी विंडोज निम्मी ठरायला लॅपटॉप २७८ डॉलरचा हवा. ७०० डॉलरच्या लॅपटॉपमध्ये हाच वाटा जेमतेम २० टक्के होतो, आणि ही कमाल मर्यादा आहे. खरी रक्कम याहून कमी असते, ती उत्पादकागणिक आणि यंत्रागणिक बदलते, आणि जाहीर होत नाही. म्हणून ‘तर मग विंडोज नेमकी कितीला पडते?’ असा उलटा प्रश्न आला तर आकडा देऊ नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्लूमबर्गनं निनावी सूत्रांच्या हवाल्यानं बातमी दिली होती की २५० डॉलरखालच्या यंत्रांसाठी विंडोज ८.१ चा दर ५० ऐवजी १५ डॉलर होणार. त्यातले ५० डॉलर ‘विंडोजची किंमत’ म्हणून पुढे सगळीकडे चिकटले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नऊ इंचांखालच्या पडद्याच्या उपकरणांसाठी विंडोज फुकट केल्याचं मायक्रोसॉफ्टनं उघडपणे जाहीर केलं, ते मात्र फारसं कोणाच्या लक्षात नाही.

सहकाऱ्याच्या मनात ‘विंडोजचे जास्त पैसे उकळले जातात’ एवढंच असेल तर त्याला आधार आहे, आणि तो त्यांनी द्यायला हवा होता. अमेरिकी सरकारच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जी तथ्यं नोंदवली त्यात नोव्हेंबर १९९७ च्या कंपनीच्याच अभ्यासाचा उल्लेख आहे: विंडोज ९८ चं अपग्रेड ४९ डॉलरला देता आलं असतं, पण सर्वाधिक महसूल देणारी किंमत ८९ डॉलर होती. कोणत्या उत्पादकाला स्वस्त आणि कोणाला महाग हेही तिथे आहे. कंपनीला विरोध करणाऱ्या गेटवे आणि आयबीएम यांना कॉम्पॅक, डेल आणि एचपीपेक्षा जास्त मोजावे लागत. ‘विंडोज नको असली तरी तिचे पैसे द्यावेच लागतात’ यालाही एकेकाळी शब्दशः अर्थ होता: उत्पादकानं विकलेल्या प्रत्येक प्रोसेसरमागे मायक्रोसॉफ्टला पैसे, मग यंत्रात तिची प्रणाली असो वा नसो. अमेरिकी सरकारशी जुलै १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीत ते बंद झालं. जुनं खरं वाक्य आजच्या यंत्राला चिकटवलेलं फार वेळा सापडतं.

‘मग लिनक्सचा लॅपटॉप तेवढ्यानं स्वस्त का नाही?’ कारण विंडोज काढून टाकल्यावर लायसन्सचे पैसे वाचतात, पण यंत्रात आधीच टाकलेल्या चाचणी-आवृत्त्यांसाठी अँटिव्हायरससारख्या कंपन्या उत्पादकाला जे देतात तेही जातं. कमी खपाचं वेगळं मॉडेल सांभाळायचा, ड्रायव्हर तपासायचा आणि ग्राहकांना मदत करायचा खर्च थोड्या यंत्रांवर पडतो. त्यामुळे दोन आवृत्त्यांतला फरक म्हणजे लायसन्सची किंमत, असं गणित मांडता येत नाही. तो कमी दिसेल, जास्त दिसेल, कधी उलटाही दिसेल. कुठल्यातरी संकेतस्थळावर दहा-पंधरा डॉलरला मिळणाऱ्या, विंडोज सक्रिय करायच्या ‘की’चा दाखला तर अजिबात घेऊ नका. त्या बऱ्याचदा घाऊक करारातून फुटलेल्या असतात. सक्रिय झाली म्हणजे लायसन्स मिळालं असं होत नाही.

मॅकच्या दाव्याची गोष्ट जरा निराळी. तो खोडता येत नाही, कारण तो तपासताच येत नाही. मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवायची परवानगी असते, म्हणून तिची बाजारात सुटी किंमत नाही. पूर्वी अपग्रेड विकत मिळायचं: २००७ ची लेपर्ड १२९ डॉलर, २००९ ची स्नो लेपर्ड २९, २०१२ ची माउंटन लायन १९.९९, आणि ऑक्टोबर २०१३ ची मॅव्हरिक्स फुकट. गंमत म्हणजे मॅव्हरिक्स फुकट झाली त्याच दिवशी १३ इंची रेटिना मॅकबुक प्रोची सुरुवातीची किंमत १४९९ वरून १२९९ डॉलरवर आली. बघा, सिस्टिम फुकट आणि यंत्रही स्वस्त, असं कोणी मिरवेल. पण त्या सुरुवातीच्या मॉडेलची रॅमही ८ जीबीवरून ४ जीबीवर आणली होती. एवढ्या एका ओळीत किमतीच्या तुलनेतला अर्धा धोका दिसतो.

म्हणून मॅक आणि विंडोज लॅपटॉपची तुलना पुढे आली की आधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक मागा. मग रॅम, साठवण, पडद्याचं रिझोल्यूशन आणि निट्समधली चमक, बॅटरीचे वॉट-तास, वजन आणि वॉरंटीची वर्षं बघा. एकाची छापील आणि दुसऱ्याची सेलमधली किंमत घेतली आहे का? एकीत कर धरलाय आणि दुसरीत नाही, असं झालंय का? अमेरिकेत छापलेली किंमत विक्रीकराशिवाय असते आणि युरोपात व्हॅटसह; दोन खंडांतल्या किमती नुसत्या विनिमय दरानं बदलून ‘लूट’ दाखवणारे तक्ते इथेच पडतात.

एखादा आकडा त्यांनी आणलाच तर त्याच्या उगमापर्यंत जा. आकडा अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि सर्वांत जुनं पान काढा; दहा बातम्या एकाच बातमीकडे बोट दाखवत असतात, आणि ती एखाद्या प्रसिद्धिपत्रकाकडे. पान गायब असेल तर जुनी पानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर बघा. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलचे वार्षिक व तिमाही अहवाल अमेरिकी भांडवल बाजार नियामकाच्या एडगर या संग्रहात फुकट मिळतात. तिथे नसलेली गोष्टही कामाची: २०१९ च्या आर्थिक वर्षापासून ॲपल मॅकची नगसंख्या सांगतच नाही, त्यामुळे ‘ॲपलच्या अहवालानुसार गेल्या तिमाहीत इतके लाख मॅक’ असं वाक्य दिसलं की ते अहवालातलं नाही हे आधीच ठरलेलं. अभ्यास असेल तर तो कोणाच्या पैशानं झाला ते पहिल्या किंवा शेवटच्या पानावर असतं.

सहकाऱ्याला लिहायचंच असेल तर असं काहीतरी लिहा: ‘२०२२ च्या अखेरीस शिपमेंट सुमारे २८ टक्क्यांनी घटली हे मान्य. ती विंडोज ११ मुळे घटली हे कशावरून? त्याच सुमारास मॅकचा महसूलही २७ टक्क्यांनी पडला आहे. निम्म्या किमतीचं म्हणाल तर कोणतं मॉडेल, किती किमतीचं आणि लायसन्सचा कोणता दर धरलात, तेवढं सांगा.’ यात तुम्ही स्वतः सिद्ध करावं लागेल असं काहीच नाही. उत्तरात मॉडेल आणि दर आले तर वरचं गणित त्यांच्यासोबत बसून करा. पुन्हा ‘सगळ्यांना माहीत आहे’ एवढंच आलं तर दुसरा आकडा शोधायला जाऊ नका.